पाच नंबरचं बटण

सोयाबीनची मळणी आणि निवडणूक एकाच वेळी गावात शिरली की माझं नाक आणि माझे कान यांच्यात भांडण लागतं. नाकाला मळणीयंत्रातून उडणारा भुसा पाहिजे असतो. कोरडा, तुरट, घशात जाऊन बसणारा, आंघोळ केली तरी मानेवरून न उतरणारा. कानांना भोंगा पाहिजे असतो. परवा सकाळी दोन्ही एकदमच आले. शिवारातून यंत्राची घरघर, वेशीतून प्रचाराच्या रिक्षाचा भोंगा. मी ओसरीवर चहा घेऊन बसलो होतो. चहा तसाच राहिला, त्यावर साय धरली, सायीवर भुसा बसला, आणि त्या भुशावर, खोटं वाटेल, एक उमेदवार येऊन बसला. म्हणजे त्याचं नाव हो. भोंग्यातून उडालेलं.

आत माझी बायको खुर्ची विणत होती. वेताची पट्टी ओढून बसवताना करकर असा एक आवाज येतो. भोंगा ऐकला आणि तो आवाज थांबला. थांबला तो थांबलाच. मला कळलं, तिला ती सुगी आठवली. मलाही तीच आठवली होती.

मी जन्मापासून आंधळा. हल्ली दिव्यांग म्हणतात. शब्द चांगला आहे, गळ्यात हार घालून सत्कार केल्यासारखा वाटतो. पण रस्त्यातला खड्डा तेवढाच खोल राहतो. माझं नाव नामदेव. नामदेव म्हणून विचाराल तर लोहा तालुक्यात कुणी सांगणार नाही. भोंगा म्हणून विचारा, लहान पोर घरी आणून सोडेल. लग्नाची पंगत, हरवलेली म्हैस, पोलिओचा डोस पाजायचा दिवस, देवीची जत्रा, काहीही असो, माइक माझ्या हातात. लोह्याच्या बाजारात एकदा मी असा बोललो की एक म्हैस वेळेआधी व्याली, आणि पारडू निम्मं बाहेर येऊन माझं बोलणं संपेपर्यंत थांबलं. हिमायतनगरला बोललो तर हद्दीपलीकडं तेलंगणातली कुत्री मराठीत भुंकली. यातलं खरं किती, असं मला विचारू नका. माझ्या बोलण्यात खरं असतं ते कालवणातल्या मिठाएवढं. पण असतं.

निवडणूक म्हणजे माझी सुगी. सकाळी एका पक्षाची रिक्षा, दुपारी दुसऱ्याची. दोघांनाही ठाऊक, दोघांनाही चालतं. आवाजाला पक्ष नसतो, फक्त बॅटरी लागते. ‘आपलं अमूल्य मत’ हे शब्द मी आयुष्यात इतके उच्चारलेत की घोरतानाही तेच बाहेर पडतात, असं बायको सांगते. आणि माझं स्वतःचं अमूल्य मत कुठं गेलं, हे मात्र मला कधीच कळलं नाही. ते दादाच्या बोटातून गेलं.

मारोतीदादा माझा थोरला भाऊ. दोन खोल्या त्याच्या, दोन आमच्या, अंगण एक. कायदा असा आहे की ज्याला दिसत नाही त्याला मत द्यायला सोबती नेता येतो. सोबत्यानं, मतदार सांगेल तेच बटण दाबायचं आणि बाहेर येऊन ते कुणाला सांगायचं नाही. एका माणसानं एकाचाच सोबती व्हायचं. त्यानं पुन्हा दुसऱ्याला धरून आणू नये म्हणून त्याच्या उजव्या बोटालाही शाई लावतात. डाव्या बोटाला त्याची स्वतःची, उजव्या बोटाला आमची. आमच्या घरात आंधळी माणसं दोन, म्हणून सोबतीही दोन. माझा दादा, आणि माझ्या बायकोची वैनी. दादा दोन्ही हातांची शाई मिरवत पारावर जायचा.

कुणीतरी विचारायचंच, “मारोतराव, दोन मतं टाकलाव का काय?”

“एक माझं, एक नाम्याचं,” दादा म्हणायचा. “नाम्याचंबी माझंच.”

लोक हसायचे. सगळ्यांत मोठ्यानं मी हसायचो. माझं हसू तसं तालुक्यात नावाजलेलं आहे.

सांगेल तेच बटण, असा कायदा. दादानं मला कधी विचारलं नाही, आणि मी कधी सांगितलं नाही. तो दुष्ट नाही हो. ताटात भाजी वाढताना तरी तो कुठं विचारतो? जी असेल ती वाढतो, आणि आधी मला वाढतो. मतही तसंच वाढलं. माझ्या वाटणीचं, त्याच्या आवडीचं.

बायकोचं नाव सुलोचना. तिच्या बापानं बारशाची जरा घाई केली. ती उदगीरकडची. लातूरच्या अंधशाळेत आम्ही एका वर्गात होतो. ब्रेल लिहिताना मी कागदाला अशी भोकं पाडायचो की मास्तर म्हणायचे, नामदेव, यातून पीठ चाळून घे. सुलोचनाची बोटं मात्र कागदावरून अशी पळायची की खालचे ठिपके धापा टाकायचे. मास्तर शिकवत असले की ती बाकाखाली माझ्या हाताचा तळवा ओढून घ्यायची आणि बोटाच्या टोकानं त्यावर ठिपके टोचायची. मास्तरांची नक्कल, मेसमधल्या वरणाची निंदा, सगळं माझ्या तळव्यावर. मी तिला लग्नाचं विचारलं तेव्हा ‘हो’सुद्धा तिनं तिथंच लिहिलं. मी तो तळवा दोन दिवस धुतला नाही. बरं, अर्धा दिवस.

एक गोष्ट डोळस माणसाच्या लक्षात येत नाही. आंधळ्याला गुपित नसतं. आलेलं पत्र दुसरा वाचून दाखवतो. बँकेचं पासबुक दुसरा वाचतो आणि वाचताना खाकरतो. डॉक्टरची चिठ्ठी मेडिकलवाला मोठ्यानं वाचतो, मागं उभी असलेली चार माणसं आपल्या पोटाची कळ ऐकतात. मोबाइल आला, तो तर बोलतोच. सुलोचनाच्या आईचा निरोप आला की मोबाइल साऱ्या अंगणाला ओरडून सांगतो. साडीचा रंग आपल्याआधी शेजारणीला कळतो. आपण रडलो तर डोळे लाल झालेत हे आपल्याला नाही, समोरच्याला ठाऊक. आमचं जगणं म्हणजे दार नसलेली मोरी. अशा जगण्यात सरकारनं एक वस्तू देऊ केली होती, तिच्या नावातच गुप्त. गुप्त मतदान.

त्या सुगीत विधानसभा लागली. उमेदवार इतके उभे राहिले की मला वाटलं मतदारच कमी पडतील. एक अपक्ष तर असा होता की अर्ज भरल्यावर त्याच्या बायकोनं पेपरात वाचून त्याला विचारलं, हे तुमीच का? एका मशीनवर सगळी नावं मावेनात, म्हणून शेजारी शेजारी दोन मशीन ठेवायची ठरली. हे रिक्षाचा ड्रायव्हर बोलता बोलता म्हणाला. मी म्हटलं, एक का असंना, चार का असंनात, आमाला काय. दादा गावात ज्यांचं काम बघत होता त्या उमेदवाराचा क्रमांक होता पाच. पंधरवडाभर त्याच रिक्षात माझी नेमणूक. आणि एक घोषणा मी स्वतः जुळवली होती, ती लोकांना इतकी आवडली की पोरं विट्टीदांडू खेळताना म्हणायची.

“पाच नंबर, पाच नंबर, डोळे झाकून पाच नंबर!”

आंधळ्याच्या तोंडून ही घोषणा आली की लोक आणखी हसायचे. मी आणखी जोरानं म्हणायचो. घरी आलो तरी घशात तेच घोळायचं. सुलोचना भाकरी थापायची ती पाच नंबर, पाच नंबरच्या तालावर.

एका संध्याकाळी तिनं भाकरी परतली आणि म्हणाली, “यंदा म्या एकटीच जाणार हाय.”

“कुठं?”

“मत टाकायला. रेडिओवर सांगितलं. बटणाच्या बाजूला ब्रेलमधी नंबर असतेत. नावाचा कागदबी असतो ब्रेलचा, मागितला की देतेत.”

वैनीनं अंगणातून ऐकलं. आमच्या घरात ऐकू न जाणं हाच चमत्कार. “अगं बाई, म्या हाय की. कामून जीवाला तरास करून घेतीस?”

“वैनी, तुमी लई केलं. पण मला वाचता येतंय.”

आता दादाला बोलायचं होतं. पण आमच्याकडं थोरला दीर धाकट्या भावजयीशी सरळ बोलत नाही. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, दोघांचं सगळं बोलणं माझ्यामार्फत, नाहीतर भिंतीमार्फत. दादा भिंतीला म्हणाला, “नामा, तिला सांग. मशीन बिघडलं तर गावाची इज्जत जाईल.”

आतून भिंतीला उत्तर आलं, “त्यायला सांगा, मशीन बिघडत न्हाई. अन् बिघडलं तर डोळस माणसानंच बिघडवलेलं असतं.”

मी मध्ये बसून दोन्हीकडचा निरोप पोचवत राहिलो, जरी दोघांनाही तो आधीच पोचलेला होता.

मतदानाच्या आदल्या दिवशी पावसाची सर येऊन गेली होती. सोयाबीन कापून शेतात पडलेलं. झेडपीच्या शाळेसमोर रांगेत उभी माणसं बोलताना वर आभाळाकडं बघत होती. वर तोंड करून बोलणाऱ्याचा आवाज वेगळा येतो. भीती असली की तो आणखी पातळ होतो. वर्गात खडूचा वास, ओल्या चपलांचा वास, भिंतीत मुरलेल्या खिचडीच्या फोडणीचा वास. आधी मी आणि दादा. दादानं मला पुठ्ठ्याच्या आडोशाआड नेलं, आणि माझा हात माझ्याच खिशात असताना पीऽऽऽ असा लांब आवाज झाला. “चल,” दादा म्हणाला. माझा हक्क बजावून झाला होता.

मग मी दाराशी थांबलो, सुलोचना आत गेली.

“ताई, सोबत कोण आहे?” आतला साहेब. आवाजावरून मास्तर माणूस, थकलेला, वाईट नाही.

“हायत वैनी. पण नको.”

“मग कसं करणार?”

“ब्रेलचा कागद असतो म्हणं तुमच्याकडं. द्या.”

 मग पिशव्या उघडण्याचा आवाज. “अरे, तो जाड पांढरा कागद कुठाय?” “कोणता, सर?” “ज्याच्यावर काहीच छापलेलं नाही तो!” खुडबुड झाली, आणि शेवटी तो कुणाच्या तरी डब्याखालून निघाला. दारापर्यंत मला कैरीच्या लोणच्याचा वास आला.

सुलोचना वाचायला लागली. सगळा कागद. वरून खालपर्यंत, एकेक नाव. आयुष्यात पहिल्यांदा उमेदवारांची नावं तिच्यापर्यंत कुणाच्याही तोंडातून न जाता पोचत होती. ती सोडून देणार होती होय? मागं रांग तापली.

“बाई पेपर वाचायली का काय!”

“ओ वैनी, अग्रलेख झाला का?”

“साहेब, आमचं सोयाबीन कोंब धरायलंय, तिला म्हणावं नापास केलं तरी चालंल, पण सोड!”

हशा झाला. मला तिच्या बोटाचा आवाज येत होता. खरखर, थांब, खरखर. इतक्या गोंगाटात बोटाचा आवाज येईल का, असं तुम्ही म्हणाल. मला आला.

“झालं,” ती म्हणाली.

“बरं. या आत. समोर हात करा, मशीन लागेल. लवकर करा ताई.”

 रांगेतलं हसू अजून चालूच होतं. आणि मग पीऽऽऽ. दादाच्या वेळी आला तोच आवाज, तेवढाच लांब. पण मला तो सनईसारखा वाटला.

बाहेर आली तेव्हा तिनं नेहमीसारखा माझ्या कोपराला हात लावला. पण तो धरलेला नव्हता, ठेवलेला होता. वैनी मागून विचारत होत्या, “नीट दाबलंस ना गं?” ही चालतच राहिली. आम्ही घरी न जाता रस्त्यावरच्या टपरीवर गेलो आणि गरम भजी खाल्ली. शाई अजून ओली होती, तिच्या बोटाचा वास भज्यात येत होता.

“कुणाला?” मी विचारलं.

“गुप्त.”

“मला सांगायला काय होतं? मी नवरा हाय.”

“तुमी भोंगा हाव.”

मी तळवा पुढं केला. “बरं, लिही तरी.” तिनं माझ्या तळव्यावर बोट टेकवलं, मी जीव कानात नव्हे, तळव्यात आणला, आणि तिनं सावकाश लिहिलं: ‘गप’.

मतमोजणीपर्यंतचे ते दिवस. मळणी चालू होती, घरभर भुसा होता, सगळे खाजवत होते, आणि सुलोचना गुणगुणत होती. तिच्याकडं एक वस्तू होती जी घरात कुणालाही माहीत नव्हती. पाणी भरताना ती वस्तू तिच्याजवळ असायची, खुर्ची विणताना असायची. वैनी आडून विचारायच्या, ही हसायची. दादा भिंतीला विचारायचा, भिंत गप्प राहायची. श्रीमंत बाईच्या अंगावरचे दागिने कसे आवाज करतात, मी लग्नांमधून ऐकलेत. त्या दिवसांत सुलोचनाच्या काचेच्या बांगड्या तशा वाजत होत्या. मला वाटलं, आता हिचं पोट भरलं. दरवर्षी एक निवडणूक लागली तर ही म्हातारी होणार नाही.

पाच नंबर निवडून आला. चांगला दणक्यात आला. आमच्या गावातही त्याला भरपूर मतं पडली. दादा गुलालानं भिजून नेत्याच्या अंगणात नाचला असेल. मला त्याच्या अंगाचा वास आला तेव्हा गुलालात पेढ्याचा तूपकट वास मिसळलेला होता. पण चालीत नाच नव्हता. चप्पल त्यानं उंबऱ्यावर आपटली.

झालं होतं असं. मोजणीच्या ठिकाणी गावागावाचे आकडे प्रतिनिधी उतरवून घेतात. आमच्या गावाला एकच बूथ. त्या बूथवर एकवीस नंबरच्या अपक्षाला, चिन्ह कढई, एक मत पडलं होतं. एकच. आणि गुलाल उधळता उधळता नेत्याच्या जवळचा कुणी सगळ्यांसमोर म्हणाला, “मारोतराव, तुमच्या गावात कढई कुणाला पायजे व्हती? घरातलंच तर मत न्हाई ना? ती तुमची भावजय एकलीच गेल्ती म्हणं आत.”

सगळं अंगण हसलं म्हणे.

आता मला सांगा. त्या बूथवर शेकडो माणसं आडोशाआड गेली. शेकडो जणांनी कुणाला न दाखवता बटण दाबलं. कुणाच्याही मनात कढई आली असेल. पण संशय कुणावर गेला? जिच्या बोटामागं आपलं बोट नव्हतं तिच्यावर. डोळसांचं गुप्त मत म्हणजे गुप्त मत. आंधळीचं गुप्त मत म्हणजे चोरी.

दादा अंगणात उभा राहिला. आणि त्या दिवशी, लग्नानंतर पहिल्यांदा, तो भिंतीशी नाही, तिच्याशी बोलला.

“सुलोचना, तुला काय कमी केलं होतं आमी?”

तो रागावून ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याचा आवाज फुटला होता. वेताची पट्टी आतून करकरली नाही, बांगडी वाजली नाही. ती काहीच बोलली नाही. ‘म्या न्हाई टाकलं’ असंही नाही, ‘टाकलं तर टाकलं’ असंही नाही.

मी उठलो. आयुष्यभर मी फुकाफुकी हजार गोष्टी सांगितल्या होत्या, म्हशी व्यायला लावल्या होत्या, कुत्री मराठीत भुंकवली होती. म्हटलं, आणखी एक. छाती काढून म्हणालो, “दादा, तिला बोलू नको. ते कढईचं मत माझं हाय.”

“गप रे,” दादा म्हणाला. “तुझं बटण म्या दाबलंय.”

वैनी पदरात तोंड घालून हसल्या की रडल्या, मला कळलं नाही. तालुका हलवणारा माझा आवाज त्या दिवशी अंगण ओलांडू शकला नाही.

त्यानंतर मारझोड नाही, भांडण नाही, वाटणी नाही. सगळं होतं तसंच. फक्त वैनी भांडी घासून ठेवताना म्हणायच्या, “ही कढई तुमची बरं का.” हसत म्हणायच्या. पारावर पोरं मला बघून कढईत उलथणं वाजवल्याची नक्कल करायची. दादा पुन्हा भिंतीशी बोलायला लागला, पण आता भिंतीशीही कमी. सुलोचनाची गुणगुण गेली. मी विचारलं, एकदा, दोनदा. मग विचारणं सोडून दिलं. मला वाटत होतं, कढई तिनंच निवडली असणार. कागद वाचता वाचता एखादं नाव बोटाला आवडलं असेल. आणि मला, खरं सांगतो, तिचा अभिमान वाटत होता. गाव एकीकडं, माझी बायको एकीकडं. मनातल्या मनात मी त्याची मोठी गोष्ट करून ठेवली होती.

पुढं लोकसभेला मतदानच घरी आलं. चालता येत नाही, दिसत नाही, वय झालं, अशांसाठी घरपोच सोय. भर उन्हात साहेब, त्याचे मदतनीस, पोलीस, कॅमेरावाला, सगळे अंगणात. वैनींनी सरबत केलं. आतल्या खाटेवर पुठ्ठ्याचा आडोसा उभा राहिला. साहेब भला होता. म्हणाला, “गुप्तता पाळायची आहे, सगळ्यांनी बाहेर व्हा.” सगळे बाहेर झाले. म्हणजे पाय उंबऱ्याच्या बाहेर, माना आत. दादा म्हणाला, “साहेब, घरच आमचं हाय. घरातून कुठं बाहेर जावं?”

आणि मतपत्रिका कागदाची. सुलोचनानं त्यावरून बोट फिरवलं. कागद गुळगुळीत, सुरकुती नसलेल्या कपाळासारखा. एक ठिपका नाही. तिनं तो वैनींच्या हातात दिला. “तुमीच करा,” म्हणाली. “कुठं करू?” वैनींनी विचारलं, पहिल्यांदाच विचारलं, कॅमेरा चालू होता ना. “कुठंबी करा,” ती म्हणाली.

गेल्या विधानसभेलाही तसंच. कुठंबी करा.

तर परवाची सकाळ. आता झेडपीची निवडणूक. भोंगा वेशीतून आत आला, करकर थांबली, चहावर भुसा. रिक्षावाल्यानं निरोप पाठवला होताच, नामाभाऊ, यंदाबी आवाज तुमचाच, तयार राहा. मी सदरा चढवला, घसा खाकरला, आणि सवयीनं, निव्वळ सवयीनं, घशाला वंगण म्हणून जुनीच ओळ म्हटली. “पाच नंबर, पाच नंबर, डोळे झाकून...”

“ती म्हणू नका,” सुलोचना आतून म्हणाली.

मी थांबलो.

ती बाहेर येऊन माझ्याशेजारी बसली. अंगाला वेताचा ओला वास. तिनं माझ्या चहाचा कप बाजूला सरकवला. मग म्हणाली, “मला पाचच पायजे व्हता.”

मला आधी कळलंच नाही.

“त्या वक्ती. म्या पाचलाच जाणार व्हते. दादांचा माणूस व्हता, घरातले समदे त्यालाच देणार व्हते, मीबी देणार व्हते. मला दुसरं काही करायचं नव्हतं. फक्त बटण माझ्या बोटानं दाबायचं व्हतं.”

“मग?”

“कागदावर पाच वाचला. नाव वाचलं. आत गेले. समोर हात केला, मशीन लागलं. खाली मोजत गेले, पाचचे ठिपके लागले. दाबलं. वाजलं. हात मागं घेतला, तर कोपर कशाला तरी लागलं. चाचपलं. दुसरं मशीन. त्याच्यावरबी हात फिरवला. तिथंबी पाच.”

 माझ्या डोक्यात हळूहळू ते बसत गेलं. पहिल्या मशीनवर सोळा नावं. सतरावं नाव दुसऱ्या मशीनवर पहिलं. एकविसावं तिथं पाचवं. डोळसांना नाव दिसतं, चिन्ह दिसतं, बटण दाबल्यावर काचेआड चिठ्ठी दिसते. बोटाला फक्त ठिपके. आणि ठिपके दोन्ही मशीनवर एकपासूनच सुरू होतात.

“कोणत्या मशीनवर दाबलं?”

“डावं का उजवं, मला सांगता येत न्हाई. आडोशाआड शिरताना वळले व्हते. साहेब लवकर करा म्हणला. बाहेर तुमी समदे हसत व्हताव.” ती थांबली. “टपरीवर भजी खाताना मनात व्हतंच, पण म्हणलं, बराबरच असंल. इतकं वाचून चुकत न्हाई माणूस. मग कढईला एक मत पडलं म्हणले.”

“अगं, मग दादाला सांगायचंस! म्या पाचलाच टाकत होते म्हणून!”

“काय सांगू? म्या पाचला टाकलं, पण गेलं कुठं मला ठाव न्हाई? मग पुन्हा म्हणले असते, बघ, तरी सांगत व्हतो, सोबती नेत जा.” तिचा आवाज सरळ होता, पट्टी ताणल्यासारखा. “ते कढईचं मत माझं हाय, का पाचातलं एक माझं हाय, मला मरेपर्यंत कळायचं न्हाई. लोकायला वाटतं, म्या काहीतरी लपवलंय.”

तिनं माझा डावा तळवा ओढला. बोटाच्या टोकानं ठिपके टोचले. पाच. मग उजवा ओढला. पुन्हा ठिपके. पाच.

“सांगा,” ती म्हणाली, “कोणता कोणाचा?”

मी दोन्ही हात तसेच धरून बसलो. कितीही वेळ धरले असते तरी काही कळलं नसतं. बोटं तीच, ठिपके तेच, कातडी माझीच. तिनं दोन्ही मुठी माझ्या मिटवल्या आणि उठून आत गेली. करकर पुन्हा सुरू झाली.

मतदानाला मला नेऊ नका, एवढंच तिनं आतून सांगितलं. सोबती नको, घरपोच नको, कागद नको. वैनीला सांगा, उजवं बोट मोकळं ठेवा.

दारात रिक्षा येऊन उभी राहिली. मला जायला पाहिजे होतं. सुगी माझीही असते. ड्रायव्हरनं हात धरून वर घेतलं, माइक दिला, उमेदवाराचं नाव सांगितलं, चिन्ह सांगितलं, म्हणाला, “नंबर तीन. बस्स, तीन तीन करत राहा.”

झेडपीला मतं दोन टाकायची असतात, एक झेडपीचं, एक पंचायत समितीचं. म्हणजे मशीन दोन.

“कोणत्या मशीनवरचा तीन?” मी विचारलं.

तो गियर टाकत हसला. “ते कशाला सांगत बसता, भाऊ? लोकायला दिसतंय की.”